खाजणाच्या चिखलात जुना भूकंप कसा वाचायचा : नवख्यांसाठी मार्गदर्शक

ओहोटी पुरती लागली की अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, विलापा खाडीला मिळणाऱ्या नियावियाकम नदीचे काठ उघडे पडतात. हवा आपल्या कोकणापेक्षा कितीतरी थंड, झाडं वेगळी. पण खाडीचा वास, घोट्यापर्यंत रुतणारा पाय आणि उधाणाच्या पाण्यावर जगणारं गवत हे सगळं खाजण पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. काठ खुरप्याने तासला की करड्या गाळात एक काळपट तपकिरी पट्टा दिसतो. ती एका जुन्या खाजणाची जमीन. २६ जानेवारी १७०० च्या रात्री ती एका झटक्यात मीटरभर किंवा त्याहूनही जास्त खचली आणि रोजच्या भरतीखाली गेली.

त्या काळातला या किनाऱ्यावरचा एकही लेखी कागद उपलब्ध नाही, तरी त्या भूकंपाची तारीखच काय, रात्रीचा प्रहरसुद्धा सांगता येतो. ही विद्या शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी अभ्यासकांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गाडलेली जमीन सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. ती भूकंपानेच गाडली गेली हे दाखवणं कठीण, आणि खरं काम तेच.

पहिली पायरी : जमीन खचते कशी, ते समजून घ्या

उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापर्यंत सुमारे १००० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात हुआन द फुका ही समुद्रतळाची प्लेट उत्तर अमेरिकेच्या प्लेटखाली सरकते, वर्षाला तीन-चार सेंटिमीटर. या पट्ट्याचं नाव कॅस्केडिया. खालची प्लेट सरकू पाहते, पण दोन्हींचा सांधा घट्ट अडकलेला असतो. त्यामुळे वरच्या प्लेटची समुद्राकडची कड खाली ओढली जाते आणि तिच्यामागचा किनारा हळूहळू वर फुगतो. एक पोस्टकार्ड टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी आत ढकला, मधला फुगवटा दिसेल. हात काढला की तो बसतो. शतकानुशतकं अडकलेला सांधा सुटतो तेव्हा असंच होतं. समुद्राखालची कड उसळून त्सुनामी उठते आणि फुगलेला किनारा काही मिनिटांत अर्धा ते दोन मीटर खाली बसतो.

खाजणाच्या वरच्या भागातलं गवत उंचीच्या बाबतीत फार काटेकोर असतं. उधाणाचं पाणी अधूनमधून पोचेल एवढीच उंची त्याला लागते. जमीन मीटरभर खाली गेली की ते मरतं आणि त्यावर रोजच्या भरतीचा गाळ साठू लागतो. गाळ चढत चढत पुरेसा उंच झाला की पुन्हा गवत उगवतं, पुन्हा काळी माती तयार होते. नियावियाकमच्या काठांमध्ये म्हणूनच पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक थर आहेत. ब्रायन ॲटवॉटर आणि आयलीन हेम्फिल-हेली यांनी १९९७ साली तिथल्या ३५०० वर्षांतल्या सात भूकंपांची मांडणी केली. त्या सात जमिनींना इंग्रजी अक्षरांची नावं दिली गेली. सगळ्यात वरची, म्हणजे १७०० सालची, 'वाय' नावाने ओळखली जाते.

हे घडताना माणसांनी पाहिलेलंही आहे. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. पोर्टेज नावाचं गाव इतकं खचलं की भरतीचं पाणी घरांत शिरू लागलं आणि वस्ती सोडावी लागली. तिथली वाळलेली झाडं आणि त्यांच्या बुंध्याशी साठलेला करडा गाळ म्हणजे या विद्येची चालतीबोलती शाळा. आपल्या देशात २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारवरचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं. तिथल्या दीपगृहाचा पाया आजही पाण्यात आहे.

दुसरी पायरी : जागा निवडणं

उघड्या समुद्राला लागून असलेली जागा नको. लाटा थर खाऊन टाकतात. खाडीच्या आत, वाळूच्या दांड्याआड किंवा छोट्या नदीच्या मुखाशी, जिथे गाळ शांतपणे बसतो अशी खाजणं पाहा. जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं घेऊन बसा. बांध घातलेले, भराव टाकलेले, शेतीखाली आलेले भाग आधीच वगळा. विलापा खाडी, ओरेगनमधली सॅमन नदी, सायलेट्झ खाडी आणि कूस खाडी या जागा अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा तपासल्या आहेत. नवख्याने सुरुवात अशाच ठिकाणी करावी, कारण आपलं वाचन दुसऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहता येतं.

परवानगीचं काम टाळू नका. ही जमीन कुणाची तरी असते. कधी वन्यजीव अभयारण्याची, कधी खासगी मालकाची, कधी मूळनिवासी राष्ट्राची. सॅमन नदीच्या काठी गाडलेल्या जमिनीवर जुन्या मासेमारी तळांच्या चुली सापडल्या आहेत आणि त्यांच्यावर वाळू पसरलेली आहे. असं काही दिसलं तर तिथेच थांबा, हात लावू नका आणि संबंधितांना कळवा. ती कुणाच्या तरी पूर्वजांची शेवटची चूल असू शकते.

तिसरी पायरी : भरती-ओहोटी बघून उतरा

काम उधाणाच्या दिवसांतच करा, भांगाच्या नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते आणि काठाचे खालचे थर तेव्हाच दिसतात. भरती-ओहोटीचा तक्ता खिशात हवाच. पाणी तळाला पोचायच्या दोन तास आधी पोचा आणि वळलं की निघा. चिखलात एकट्याने कधीही जाऊ नका. पाय रुतला तर सरळ वर खेचू नका. मागे रेलून, पाय हलवत चिखलाची पकड सैल करा. छातीपर्यंतचे रबरी बूट थंडीपासून वाचवतात खरे, पण त्यांत पाणी शिरलं की ते जिवावर बेततात. कमरेला पट्टा घट्ट बांधा.

चौथी पायरी : आधी काठ तासा, मग कोअर घ्या

लहान होडी, घडीचं फावडं आणि चांगलं खुरपं एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. काठाचा वरचा बुळबुळीत थर काढून आतला ताजा गाळ उघडा करा. काळा पट्टा दिसला की होडीतून त्याच्यामागे जा. तो दहा पावलांवर संपतो की शंभर मीटर चालत राहतो? हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. पुढे त्याचं महत्त्व कळेल.

मग खाजणात आत शिरा. समुद्राकडून डोंगराकडे एक सरळ ओळ आखा आणि ठरावीक अंतरावर कोअर, म्हणजे जमिनीतून उभा काढलेला गाळाचा लांब तुकडा, काढा. यासाठी अर्धगोल पन्हाळीसारखी लांब नळी वापरतात. हाताने ढकलायची, फिरवायची, बाहेर ओढायची आणि चाकूने वरचा थर साफ करायचा. ही नळी फक्त बघण्यासाठी. प्रयोगशाळेत न्यायचा नमुना रशियन कोअररने घ्या. त्याची पाकळी खाली गेल्यावर फिरते आणि गाळाचा अर्धा दंडगोल न चेपता कापून आत बंद करते. मऊ, पालापाचोळ्याच्या गाळासाठी यापेक्षा चांगलं हत्यार मला माहीत नाही.

प्रत्येक तुकडा अर्ध्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवा, प्लास्टिकने गुंडाळा आणि त्यावर 'वर' आणि 'खाली' लगेच लिहा. माझ्या पहिल्या हंगामात पावसाच्या घाईत एका तुकड्यावर ही खूण राहून गेली. दोन दिवसांच्या मेहनतीचा तो तुकडा निरुपयोगी ठरला. जागेची उंचीसुद्धा भरतीच्या पातळीशी जोडून मोजावी लागते. तसं केलं नाही, तर 'किती खचली' या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळणार नाही.

पाचवी पायरी : सांध्याशी थांबा

इथे घाई करू नका. सगळं रहस्य काळ्या मातीत किंवा करड्या गाळात नसतं. ते दोन्ही जिथे भेटतात त्या रेघेत, म्हणजे थरांच्या सांध्यात असतं.

समुद्राची पातळी सावकाश वाढली तर खाजणही सावकाश बुडतं. मग काळी माती आणि करडा गाळ काही सेंटिमीटर एकमेकांत मिसळत जातात. भूकंपाचा सांधा धारदार असतो, बहुधा काही मिलिमीटरांचा. भिंग लावून बघा. काळ्या मातीत रोवलेली गवताची पाती वरच्या वाळूत किंवा गाळात आडवी झोपलेली दिसली, तर ती गवत जिवंत असतानाच गाडली गेली.

पण धारदार सांधा पुरेसा नाही. वादळाचं पाणी, नदीचा पूर, फुटलेला वाळूचा दांडा, जागा बदलणारी खाडीची शाखा हेही खाजण अचानक बुडवू शकतात. ॲलन नेल्सन, इयन शेनन आणि ॲन्टनी लाँग यांनी १९९६ साली यासाठी पाच कसोट्या मांडल्या. पट्टा किती दूरवर पसरला आहे? बदल अचानक झाला का? जमीन किती बुडाली? त्सुनामीचा थर सोबत आहे का? आणि वेगवेगळ्या खाड्यांमध्ये हे एकाच वेळी घडलं का? एका कोअरमधला पट्टा यातल्या एकाही प्रश्नाला पुरा पडत नाही. म्हणूनच होडी घेऊन पट्ट्यामागे जायचं आणि म्हणूनच ओळीत कोअर काढायचे.

यातली 'किती बुडाली' ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. वादळ गाळ आणून टाकतं, पण जमिनीची उंची बदलत नाही. वादळानंतर तेच गवत पुन्हा वर येतं. करड्या चिखलाखाली शतकानुशतकं गाडलेली जमीन मात्र सांगते की उंचीच गेली होती.

त्सुनामीची वाळू ओळखायलाही सराव लागतो. ती काळ्या मातीवर थेट बसलेली असते, किनाऱ्यापासून आत जाताना पातळ आणि बारीक होत जाते आणि तिच्यात खाजणात न राहणारे समुद्री डायटम, म्हणजे कवच असलेली सूक्ष्म एकपेशीय शैवालं, सापडतात. कधी तिच्यात दोन-तीन लाटांचे वेगळे पदरही दिसतात. ती दिसली नाही तर निराश होऊ नका. प्रत्येक खाजणापर्यंत लाट वाळू घेऊन पोचतेच असं नाही.

सहावी पायरी : सूक्ष्मजीवांना विचारा

फोरामिनिफेरा हे कवच असलेले एकपेशीय जीव. खाजणातल्या जाती वाळूचे कण चिकटवून घर बांधतात, त्यामुळे आम्लधर्मी मातीतही त्यांची कवचं टिकतात. प्रत्येक जातीची आवडीची उंची ठरलेली. ट्रोकॅमिना आणि बाल्टिकॅमिना या खाजणाच्या वरच्या भागातल्या, तर मिलिॲमिना फुस्का खालच्या चिखलातली. नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवा, जाडाभरडा कचरा वेगळ्या चाळणीने काढा आणि ओला असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. वाळवला तर कवचं पालापाचोळ्यात अडकून बसतात.

सांध्याच्या खाली आणि वर सेंटिमीटर-सेंटिमीटर अंतराने नमुने घ्या. खाली वरच्या खाजणाच्या जाती आणि वर एकदम चिखलातल्या जाती आढळल्या, तर उंचीतला फरक आकड्यात काढता येतो. त्यासाठी आधी आजच्या खाजणात उंचीनुसार नमुने घेऊन कोणती जात कुठे राहते हे मोजावं लागतं, मग त्या नात्यावरून जुन्या नमुन्याची उंची ठरते. या गणिताला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. आकडा नेहमी अधिक-उणे मर्यादेसहच लिहा. मर्यादा नसलेला आकडा वाचणाऱ्याला फसवतो.

या पद्धतीची एक सुंदर परीक्षा दक्षिण ओरेगनमध्ये झाली. तिथे एका जुन्या खाजणाभोवतीचा बांध काढून भरतीचं पाणी पुन्हा आत सोडलं गेलं. म्हणजे त्या जमिनीच्या दृष्टीने समुद्र एका दिवसात सुमारे एक मीटर वाढला. अभ्यासक पाहत राहिले. डायटम दोन आठवड्यांच्या आत मोठ्या संख्येने आले. खालच्या खाजणातल्या फोरामिनिफेरांना पुरेशा संख्येने यायला किमान अकरा महिने लागले. हा फरक लक्षात ठेवा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर लगेच एकाला चूक ठरवू नका. भूकंपानंतरच्या महिन्यांत जमीन आणखी हलली असेल, तर तेही या तफावतीतूनच कळू शकतं.

सातवी पायरी : काळ ठरवणं

इथे सगळ्यात जास्त पैसे खर्च होतात आणि सगळ्यात जास्त चुकाही होतात. मातीचा गोळा कार्बन-१४ वरून वय काढायला पाठवू नका. त्यात वेगवेगळ्या शतकांचे अवशेष मिसळलेले असतात. सांध्याशी सापडलेला, ओळखता येणारा एक अवशेष निवडा, जसं की बी, स्प्रूसची सुई किंवा खाजणातल्या ॲरोग्रासचा कंद. वाहून आलेलं लाकूड भूकंपाआधी शे-दोनशे वर्षं पडलेलं असू शकतं. वरून खाली शिरलेलं मूळ उलट भूकंपाच्या नंतरचं असतं. म्हणून दोन्ही बाजूंनी कोंडी करा. काळ्या मातीच्या माथ्यावर पडलेला अवशेष सांगतो की भूकंप याच्यानंतर झाला. वरच्या चिखलात मूळ धरलेली वनस्पती सांगते की भूकंप याच्याआधी झाला.

प्रयोगशाळेतून येणारं वय थेट इसवी सन नसतं, ते कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे माहीत असलेल्या वयांशी ताडून दुरुस्त करावं लागतं. 'आजपासून इतकी वर्षं' यातला 'आज' म्हणजे १९५० साल. त्यात १६५० नंतर कॅलिब्रेशनची रेषा इतकी वळणं घेते की १७०० सालच्या एका नमुन्याचं उत्तर दोन-अडीच शतकांत पसरतं.

मग १७०० ची रात्र कशी सापडली? वॉशिंग्टनमधल्याच कोपालिस नदीच्या काठी लाल सीडारची मेलेली झाडं आजही उभी आहेत. जमीन खचली, मुळांशी खारं पाणी आलं आणि झाडं मेली, पण सीडारचं लाकूड सहसा कुजत नाही. खोडांची बाहेरची, दरवर्षी एक अशी वाढणारी कडी वाऱ्यापावसाने झिजली होती, म्हणून डेव्हिड यामागुची आणि सहकाऱ्यांनी चिखलात दडलेली, साल शाबूत असलेली मुळं खोदून काढली. जिवंत सीडारांच्या कड्यांशी ताडल्यावर १९९७ साली निष्कर्ष आला की ती झाडं ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या काळात मेली. त्याआधी, १९९६ साली, केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी जपानी नोंदी मांडल्या होत्या. जानेवारी १७०० मध्ये जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, पण तिच्याआधी तिथे भूकंप जाणवला नव्हता. जनक नसलेली लाट म्हणून तिला अनाथ त्सुनामी म्हणतात. लाटेला पॅसिफिक ओलांडायला लागणारा वेळ मागे मोजला की कॅस्केडियाच्या किनाऱ्यावर २६ जानेवारीची रात्रीची नऊची वेळ येते. व्हँकुव्हर बेटावरच्या हू-आय-आट लोकांच्या कथनातही पाचेना खाडीवरचं गाव रात्रीच्या हादऱ्यानंतर लाटेने नेल्याचं सांगितलं जातं. माती, झाड, कागद आणि माणसाची आठवण एका रात्रीशी येऊन थांबतात, तेव्हा वाचताना मला अजूनही काटा येतो. ती रात्र खऱ्या माणसांनी भोगली होती.

आठवी पायरी : न दिसणारंही लिहा

लहान खचणं खाजणात नोंदलंच जात नाही. अर्धा मीटरच्या आतलं तर बहुधा निसटतं. दोन भूकंप लागोपाठ झाले आणि मधे गवत रुजायला वेळ मिळाला नाही, तर दोघांचा मिळून एकच पट्टा दिसतो. म्हणून 'सात भूकंप' याचा अर्थ 'निदान सात'. सरासरी अंतर साधारण पाचशे वर्षांचं निघतं, पण प्रत्यक्षात काही अंतरं दोनेक शतकांची आहेत, तर काही हजाराच्या आसपासची. पुढचा भूकंप कधी, हे या सरासरीवरून कुणी तारखेसह सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी

आपल्याकडे हेच करता येईल का, असं मला मराठी विद्यार्थी हमखास विचारतात. प्लेट खाली सरकण्याची अशी जागा कोकणाजवळ नाही, त्यामुळे खचलेल्या खाजणांची रांग इथे शोधू नका. भारतात ती जागा अंदमान-निकोबार. आयआयटी कानपूरचे जावेद मलिक आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अंदमानात २००४ च्या आधीच्या भूकंपांचे थर वाचले आहेत. शिकायचं असेल तर तिकडे बघा. अरबी समुद्रात मकरानच्या किनाऱ्यावर २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली. तेव्हा आपल्या खाड्यांत लाटेची वाळू शोधणं हा रास्त प्रश्न आहे, जमिनीचं खचणं शोधणं हा नाही.

आणि एक सावधगिरी फक्त आपल्याच भागाची. आपली खाजणं शेकडो वर्षं बांध घालून शेतीखाली आणलेली आहेत. बांधाला खांड पडली की भाताच्या काळ्या मातीवर एका रात्रीत खारं पाणी येतं आणि पुढच्या उधाणांबरोबर करडा गाळ बसू लागतो. सांधा तसाच धारदार, सूक्ष्मजीवांतला बदलही तसाच. ओरेगनमध्ये बांध काढून भूकंपाची नक्कल करता आली, ती याच कारणाने. म्हणून खारभूमीत खोदण्याआधी गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा की कोणत्या साली कुठला बांध फुटला होता. गावाचे जुने नकाशे काढा. काळा पट्टा बांधाच्या आत आहे आणि बाहेर नाही असं दिसलं, तर उत्तर तिथेच मिळालं.

शेवटची पायरी : जपून ठेवा

कोअर उभा चिरा. अर्धा वापरा आणि अर्धा गुंडाळून चार अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवा. त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, खोली आणि काढणाऱ्याचं नाव न पुसणाऱ्या शाईने लिहा. खाजणात लिहिलेल्या नोंदवहीचं प्रत्येक पान त्याच संध्याकाळी स्कॅन करा. चिखलाने माखलेलं पान वाळल्यावर दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही.